पोटात पान, तरी उपाशी

निवृत्त माणसाला लोक विचारतात, "आता दिवसभर काय करता?" मला मात्र उलटं विचारतात, "तांबोळी साहेब, नोकरीत असताना तुम्ही नेमकं काय करायचात?" मी सांगतो, अळ्यांची पोटं बघायचो. समोरचा हसतो. मीही हसतो, कारण चिडून उपयोग नसतो हे इतक्या वर्षांत कळलंय. पण माझ्या कामाचं याहून खरं वर्णन मला अजून सुचलेलं नाही.

आम्ही तांबोळी, म्हणजे मूळचे पानवाले. आजोबा निमगाव केतकीच्या मळ्यांतून विड्याची पानं आणून इंदापुरात विकायचे, अब्बांनीही तेच केलं. मी रेशीम अळ्या पाळणाऱ्या शेतकऱ्यांना सल्ला देण्याच्या नोकरीला लागलो तेव्हा अब्बा म्हणाले, "आम्ही माणसांना पानं खाऊ घातली, तू अळ्यांना घाल. चुना जास्त झाला म्हणून कुणी तोंड तरी वाकडं करणार नाही." मी ते हसण्यावारी नेलं, पण पानाचा नाद घराण्यातच होता. तुतीचा पाला हातात घेतला की तो कोवळा की जून, सकाळी तोडलेला की उन्हात, हे मला न बघता कळायचं.

ज्यांना हा धंदा ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. शेतकरी तुती लावतो. लहान अळ्या आणून शेडमधल्या रॅकवर ठेवतो आणि त्यांना तुतीचा पाला घालत राहतो. अळी चार वेळा कात टाकते. शेवटच्या कातीनंतर तिला जी भूक लागते तिला तोड नाही. जन्मभराच्या खाण्यातलं बहुतेक खाणं ती त्या आठवड्यात उरकते. मग खाणं सोडून स्वतःभोवती कोष विणते आणि तो कोष बारामतीच्या बाजारात जातो. त्या आठवड्यात घरात लग्न निघालं तरी शेतकरी मांडवात पाहुण्यासारखा येतो आणि अक्षता पडल्या की पळतो.

अळी भलती नाजूक. तिला धूर चालत नाही, उदबत्ती चालत नाही, अत्तर चालत नाही. शेडच्या दारात चप्पल काढायची, चुन्याच्या भुकटीवर पाय द्यायचे, हात धुवायचे, मग आत. कन्हेरीच्या एका शेतकऱ्याच्या सासऱ्यांना मी तंबाखूच्या वासापायी शेडमधून बाहेर काढलं होतं. ते रुसून न जेवता गावाकडं गेले. जावई नंतर मला हळूच म्हणाला, "साहेब, दर बॅचला येत जावा."

लोकांना वाटतं, अळी पान खाते आणि पानाचं रेशीम होतं. मधे पोट आहे हे कुणी ध्यानातच घेत नाही. सुप्याच्या गेनूआबांनी घेतलं होतं, पण त्यांच्या पद्धतीनं. सुप्याकडं पाण्याची बोंब, तुती कशीबशी वाढायची, त्यामुळं आबा सतत काहीतरी जवळची वाट शोधत असायचे. मी शिबिरात सांगितलं होतं की रेशीम म्हणजे एक प्रकारचं प्रथिन, आणि प्रथिन बनतं अमिनो आम्लांपासून. आठवड्यानं आबांचा निरोप आला की अळ्यांना हगवण लागलीय. जाऊन बघतो तर रॅकवर चिखल. शेजारी बाटली, पिकावर फवारायच्या अमिनो आम्लाच्या खताची.

"साहेब, रेशीम म्हंजी आमिनोच, असं तुमीच म्हणला न्हवं?" आबांनीच मला फैलावर घेतलं.

"म्हणालो."

"आन् अळी पानातनं ते आमिनोच काढती?"

"व्हय, आबा."

"मग मधला खटाटोप कशाला? म्या डायरेक्ट आमिनोच पाजलं."

आता यात तर्क कुठं चुकला ते सांगा बघू. मी आबांच्या ओट्यावर बसलो आणि पहिल्यांदाच कुणाला तरी अळीच्या पोटाचं अस्तर समजावून सांगायला लागलो. पानातल्या प्रथिनाचे पोटात तुकडे होतात, सगळ्यात बारीक तुकडा म्हणजे अमिनो आम्ल. पण ते पोटात उतरलं म्हणजे अंगी लागलं असं नव्हे. पोटाला आतून एकमेकींना चिकटून बसलेल्या पेशींचं अस्तर असतं. त्याच्या पलीकडं गेलं तरच ते रक्तात येतं आणि पुढं रेशमाच्या ग्रंथीत. अस्तर काही फडकं नाही, ओलं लागलं की झिरपायला. त्यातल्या काही पेशी अळीच्या अंगातलं पोटॅशियम उपसून पोटाच्या पोकळीत टाकत राहतात, मोटारीनं टाकीत पाणी चढवावं तसं. तिथं ते साठलं की त्याला परत आत यायची ओढ लागते. शेजारच्या पेशींना त्यासाठी दारं आहेत, पण त्या दारांची रीत अशी की पोटॅशियमनं एकट्यानं यायचं नाही, अमिनो आम्लाला सोबत घेऊन यायचं. दारं मोजकी असतात. बाहेर गर्दी केली म्हणून ती वाढत नाहीत, आणि ओल्या, खारट पाल्यानं पोट बिघडतं ते वेगळंच.

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजी पंगतीला वाढपी ठरल्यालं, आन् मी आपला चुलीवर हंडं वाढवत बसलो."

हे वाक्य पुढं मी शिबिरांमधून माझंच म्हणून वापरलं. एकदा आबा स्वतः पहिल्या रांगेत होते. नुसते माझ्याकडं बघत राहिले. मी घाईनं दुसऱ्या विषयावर गेलो.

अस्तराची गोष्ट मी अशी हसत-हसत सांगायचो. निमगाव केतकीच्या सुमनताईंच्या शेडमध्ये मात्र ती मला न हसता सांगावी लागली. निवृत्तीच्या थोडं आधीचं साल असेल, भाद्रपदातली उघडीप होती.

सुमनताईंचे मालक विलासराव ट्रकवर, कधी आंध्रात तर कधी गुजरातेत. शेती आणि शेड ताईंच्याच अंगावर. शेजारच्या तुकड्यात धाकटा दीर दत्ता. दोन्ही तुकडे मिळून पूर्वी सासऱ्यांचा पानमळा होता. विड्याची वेल मोठी लाडावलेली. ती शेवरीच्या सावलीत वाढते आणि चहूबाजूंनी आडोसा नसेल तर वाऱ्यानं करपते. वाटण्या झाल्यावर सुमनताईंनी आपला अर्धा मळा मोडून तुती लावली. त्या बाजूचा आडोसा गेला, उन्हाळ्यातलं वारं दत्ताच्या अर्ध्यात शिरलं आणि त्याच्याही वेली वाळून गेल्या. म्हाताऱ्याच्या हातचा मळा गेला म्हणून दत्तानं थोरल्या भावाशी आणि वहिनीशी बोलणं टाकलं ते टाकलंच. त्या जागी त्यानं मका केला.

एका सकाळी ताईंचा फोन आला. "साहेब, अळ्यांनी पान सोडलंय. आत्ताच्या आत्ता या. दुपारच्या गाडीनं मी इंदापूरला पोलिसात चाललेय."

मी बारामतीहून मिळेल ती गाडी पकडली. शेडमध्ये शिरलो आणि आधी कान दिला. शेवटच्या आठवड्यात शेडमध्ये खाण्याची एकसारखी सरसर चालू असते. पहिल्या रॅकवर ती होती, मधल्या रॅकवर होती. बांधाकडच्या भिंतीला लागून असलेला तिसरा रॅक गप्प होता. भरल्या अंगाच्या, बोटाएवढ्या अळ्या डोकं वर करून पडल्या होत्या. भोवती हिरवागार पाला तसाच. एक उचलली तर हातात लिबलिबली.

"दत्त्यानं इख मारलं," ताई म्हणाल्या. नेसून तयार होत्या, पिशवी हातात होती. "परवा सांजच्याला पाठीला पंप लावून मक्यात फिरत व्हता. माझ्या डोळ्यांनी बघितलंय. तीन वरसं डूख धरून बसला आन् ऐन मोक्याला दावा साधला. ह्यांनी बी फोनवर सांगितलंय, नाव घाल त्याचं, मला भाऊच न्हाय म्हून. तुमी फकस्त माझ्यासंगं चला आन् काय झालंय ते तितं सांगा. साहेबाचं म्हणणं ऐकत्यात."

म्हणजे माझ्या एका शब्दावर दोन भाऊ कायमचे तुटणार होते. मी अळ्यांच्या पोटाचा माणूस, असल्या गोष्टींचा मला सराव नाही. खरं सांगतो, गाडी पकडून परत जावंसं वाटलं. पण अळ्या काहीतरी वेगळं सांगत होत्या. रासायनिक विष लागलेली अळी शांत पडत नाही. ती हिरवं ओकते, पिळवटते, आखडून बारीक होते. या तशा नव्हत्या. मी ताईंना विचारलं, "या रॅकला पाला कुठला घातला?"

"बांधाकडच्या सऱ्यांचा."

"आणि बाकीच्या दोन रॅकांना?"

"आतल्या."

"ताई, तुम्ही थांबा. मी दत्ताकडं जाऊन येतो."

"त्यो काय खरं सांगतोय!" त्या म्हणाल्या, पण थांबल्या.

बांधावर ताईंचा पत्र्याचा फलक होता, आमच्याच लोकांनी सगळ्यांना लावायला सांगितलेला: इथे रेशीम अळ्या पाळल्या जातात, जवळपास विषारी औषध फवारू नये. तो ओलांडून मी पलीकडं गेलो. दत्ता मक्याच्या कडेला उभा होता. मला बघून त्यानं नमस्कार केला आणि मी विचारायच्या आतच सांगायला लागला, "साहेब, मक्यावर लष्करी अळी लई पडलीया, फवारल्याबिगर गत्यंतर नव्हतं. पर म्या काय येडा हाय व्हय? हितं बोर्ड हाय, वयनीच्या अळ्या शेवटच्या खाण्याला आल्यात, मला ठावं हाय. इखारी औषध हातात बी धरलं न्हाय. जैविक आणलं. बारामतीत दुकानं पालथी घातली तवा गावलं."

त्यानं खोपटातून पुडा आणून माझ्या हातात दिला. चेहऱ्यावर चक्क अभिमान होता. "दुकानदार म्हणला, माणसाला काय न्हाय, गुराला न्हाय, मधमाशीला न्हाय. गांडुळाला बी न्हाय. फकस्त अळीला..."

तो तिथंच थांबला. माझ्याकडं बघितलं, मग बांधापलीकडच्या शेडकडं. "साहेब," तो अगदी बारीक आवाजात म्हणाला, "रेशमाची बी अळीच की वो."

मी मान हलवली. तो मटकन बांधावर बसला. पश्चिमेचं वारं मक्यावरून सरळ तुतीवर वाहत होतं.

पुड्यात जे होतं तो एक जिवाणू. तो विषारी नाही असं म्हणतात ते खोटं नाही. त्याच्यात प्रथिनाचा एक खडा असतो. माणसाच्या पोटात आम्ल असतं, तिथं तो खडा काही करू शकत नाही. अळीचं पोट मात्र चुन्याच्या निवळीसारखं, अल्कधर्मी असतं. तिथं खडा विरघळतो आणि पोटाच्या अस्तराला भोकं पाडतो. भोकं पडली की साठवलेलं पोटॅशियम वाटेल तिथून आत-बाहेर होतं. त्याची ओढच संपते, आणि ओढ संपली की अमिनो आम्लाला आत आणायला कुणी उरत नाही. मक्यावरची अळी काय अन् तुतीवरची काय, अस्तर दोघींचं तेच. आम्ही फलकावर विषारी औषध नको असं लिहून घेतलं, आणि एका माणसानं ते शब्दशः पाळलं.

दत्ता उठला आणि त्यानं माझा हात धरला. "वयनीला सांगा माझ्या पंपानं झालं म्हून. पर तिच्यासाठी जैविक आणलं व्हतं, ह्ये नका सांगू. खोटं वाटंल. म्हणंल, केलं ते केलं, आता वरनं साखर पेरतोय."

"दत्ताभाऊ, अर्धं खरं सांगायला मी आलेलो नाही," मी म्हणालो आणि परत फिरलो.

ताईंना सगळं सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. "पोट फुटलं म्हंता, मग पान तर खाल्लंय की त्यांनी. काल सकाळच्यान निम्मा पाला फस्त केला व्हता." मग मी पिशवीतून माझी छोटी कात्री काढली. मधल्या रॅकवरची एक धडधाकट अळी आणि तिसऱ्या रॅकवरची एक पडलेली, अशा दोन्ही ताटलीत उघडल्या. हे काम मी जन्मभर केलं, पण ज्या बाईनं त्या वाढवल्या तिच्यासमोर करताना हात जड झाला. धडधाकट अळीचं आतडं घट्ट, चकचकीत, आतला पाला पार मऊ झालेला. दुसरीचं आतडं बोट लावताच सुटलं. आत पानाचे कातरलेले तुकडे होते, जसे गिळले तसेच.

ताईंनी वाकून ताटलीत बघितलं. "म्हंजी खात व्हत्या, आन् उपाशीच व्हत्या," त्या म्हणाल्या. मग पदर तोंडाला लावून रडल्या. मी त्यांना रडू दिलं.

"आन् भावजी खरंच हुडकत गेलं व्हतं बारामतीला?" डोळे पुसून त्यांनी विचारलं. सकाळपासून पहिल्यांदा त्या 'दत्त्या' म्हणाल्या नाहीत.

"पुडा मी बघितला, ताई. विषारी औषध त्याला गावातल्या गावात मिळालं असतं."

त्यांनी हातातली पिशवी खुंटीला अडकवली. दुपारची गाडी निघून गेली होती.

पण रडत बसायला सवड नव्हती. उरलेले दोन रॅक खात होते आणि त्यांना घालायला भरवशाचा पाला नव्हता. बांधाकडच्या सऱ्या तर गेल्याच, आतल्या सऱ्यांवरही वाऱ्यानं किती पोचलं असेल ते सांगता येईना. उन्हात तो जिवाणू आठवड्याभरात मरतो, पण त्या वयातली अळी एक वेळचं खाणं चुकलं तरी खंगते. मी ओळखीपाळखीत फोन लावत सुटलो. कन्हेरीच्या त्या जावईबापूंकडं तुती तयार होती, त्याची बॅच अजून यायची होती. तो म्हणाला, "लागंल तेवढा पाला न्या, साहेब. पर आणायला गाडी तुमची."

"गाडी कुणाची सांगू?" मी ताईंना विचारलं.  दाराशी खाकरल्याचा आवाज आला. दत्ता चुन्याच्या रेघेबाहेर, लांबच उभा होता, डोक्यावरून आंघोळ केलेला, धुतलेल्या कपड्यांत. आमचं बोलणं त्यानं ऐकलं असावं. "पिकअप हाय माझ्या मेव्हण्याची," तो माझ्याकडं बघत म्हणाला. "मी जातो. गोणपाट भिजवून घिऊन जातो, पाला सुकणार न्हाय."

तो गेल्यावर ताईंनी आणि मी तिसरा रॅक उतरवला. अळ्या खालच्या जाळीसकट गोळा केल्या, शेडपासून लांब खड्डा घेऊन चुन्यात पुरल्या. एवढ्या जवळ येऊन, कोषाच्या उंबऱ्यावर गेलेला जीव पुरताना मला दरवेळी वाईट वाटायचं, त्या दिवशी फार वाटलं. अळीच्या पोटाचं सगळं शास्त्र मला पाठ होतं आणि त्यातलं एकही अक्षर त्या रॅकच्या कामाला आलं नाही. फाटलेलं अस्तर शिवायची विद्या माझ्याकडं नव्हती, कुणाकडंच नाही.

दिवस मावळायच्या आधी पिकअप आली. दत्तानं ओल्या गोणपाटाखालच्या फांद्या उतरवून दारात रचल्या आणि जायला वळला.

"भावजी," ताईंनी हाक मारली. "नुसतं दारात टाकून कुठं चालला? दोन रॅक हायत, माझ्या एकटीच्यानं व्हायचं न्हाय. हात धुवा. चुन्यावर पाय द्या आन् आत या."

दत्तानं माझ्याकडं बघितलं, जणू परवानगी माझ्याकडं होती. मग त्यानं चप्पल काढली, सांगितलं तसं हात धुतले, चुन्यावर पाय दिले आणि आत आला. फांदी कशी ठेवायची ते ताईंनी एकदा दाखवलं. तो इतक्या हळू ठेवत होता की मला हसू आलं. अळ्यांनी डोकी फिरवली, फांदीवर चढल्या. आम्ही तिघंही कान देऊन थांबलो. थोड्या वेळानं पहिल्या रॅकवरून सरसर सुरू झाली, मग दुसऱ्यावरून.

तेवढ्यात ताईंचा फोन वाजला. विलासराव होते. शेडमध्ये सरसरीखेरीज आवाज नव्हता, त्यामुळं त्यांचा चढा आवाज मलाही ऐकू येत होता. "नाव घातलं का त्याचं? दत्त्यानंच केलं ना?"

ताईंनी फोन कानापासून काढला. त्या दत्ताजवळ गेल्या. त्याचे दोन्ही हात फांद्यांत अडकले होते. त्यांनी फोन त्याच्या कानाला लावला आणि तसाच धरून ठेवला. दत्ता बावचळला. त्यानं मान मागं घेतली, ताईंनी फोन पुढं नेला.

पलीकडून विलासराव ओरडत होते, "अगं, बोल की! गेल्या का समद्या?"

दत्तानं रॅककडं बघितलं.

"दादा," तो म्हणाला, "दोन रॅक खात्यात."